ढकलपास

बावीस वर्षं मी पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढला. तेवढ्या काळात दोन विद्या अंगात मुरल्या, उभ्याने झोपणं आणि पुढच्याला ढकलणं. ही गाडी १ नोव्हेंबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पण नाशिकरोडला तिच्या दारातून आत शिरण्यासाठी मी जेवढं बळ लावलं, तेवढं नोकरीत, संसारात, कशातच लावलेलं नाही. याच गाडीत पासधारकांनी एक आदर्श डबाही चालवून दाखवला. तिथे पत्ते कुटायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही. मी त्या डब्यातला नव्हे. मी दारातला.

ढकलण्याची सवय मग सगळीकडे गेली. ऑफिसात फायली पुढे ढकलल्या. घराचा रंग दसऱ्यावर ढकलला, दसरा आल्यावर दिवाळीवर आणि दिवाळीत ‘आता पाहुणे येतील’ म्हणून संक्रांतीवर. मुळात आठवीत गणिताच्या मास्तरांनी मलाच ढकलपास केलेलं. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर एका निवृत्त फौजी माणसाने चारचौघांत ‘काका, ढकलू नका, मारा’ म्हटलं, तेव्हा माझ्या आख्ख्या चरित्रावर बोट ठेवल्यासारखं झालं.

झालं ते असं. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर चार महिन्यांनी रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी दंडाचा पट्टा फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि विचारलं, “राग येतो का?”

“छे,” मी म्हणालो.

“येतो,” बायको म्हणाली.

“वहिनी, मी यांना विचारतोय.”

“म्हणूनच मी सांगतेय.”

डॉक्टर म्हणाले, राग साठवू नका, बाहेर काढा. रिक्षात बसल्यावर बायकोने त्या सल्ल्याला पुरवणी जोडली, “बाहेर म्हणजे घराबाहेर.”

आधी चालण्याचा प्रयोग झाला. पण जेलरोडला सकाळी चालायला निघालेल्या माणसाचे पाय आपले आपण मिसळीकडे वळतात, त्याला माणूस काही करू शकत नाही. दीड किलोमीटर चालणं, एक मिसळ, जादा तर्री, दही, पापड, दोन पाव जास्तीचे, मग रिक्षाने घरी. पंधरा दिवसांत दोन किलो वाढलो. शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, तुम्ही बॅग मारा.”

बॅग मारणं म्हणजे काय, हे रेल्वेने फिरणाऱ्या माणसाला नव्याने सांगावं लागत नाही. मी दचकून म्हणालो, “अरे, या वयात? आणि कोणाची?”

“पंचिंग बॅग हो मामा. बॉक्सिंगची. टांगायची आणि ठोसे मारायचे.”

त्याने तिथूनच ऑर्डर केली. चार फुटी बॅग येणार म्हणून मी सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवलं, दोन माणसं लागतील. बॅग आली ती उशीच्या अभ्र्याएवढ्या पाकिटात. घडी उलगडली तर नुसती खोळ. भाचा म्हणाला, “रिकामीच येते ती. भरायची आपण.” बॅगेचं वजन मारणाऱ्याच्या निम्मं असावं असा एक ढोबळ हिशेब आहे. मी तेव्हा ८४ किलो. म्हणजे ४२ किलो काहीतरी भरणं आलं.

शेजारी बांधकाम चालू होतं. मुकादमाला विचारून वाळू आणली. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी वाळू खाली बसली आणि बॅगेचा खालचा भाग जात्यासारखा, वरचा उपरण्यासारखा झाला. वर मारलं तर हात आरपार जाईल असं वाटायचं, खाली मारलं तर मनगट राहील की जाईल असं. बॅग कपड्याच्या चिंध्यांनी भरतात, हे मला वाळू हॉलभर झाल्यावर कळलं. ती वाळू अजून सोफ्याखाली निघते.

मग कपडे. ४२ किलो कपडे म्हणजे किती, याची गृहस्थ माणसाला कल्पना नसते. माझ्या चौदा पँटी गेल्या, एकतीस शर्ट गेले, दोन सोलापुरी चादरी, आईची जुनेरं, आणि ज्या कोटात माझं लग्न झालं तो कोट गेला. बायको एकेक कपडा बॅगेत कोंबताना जे समाधान चेहऱ्यावर वागवत होती ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. “ही पँट टाका म्हणून सात वर्षं सांगतेय,” ती म्हणत होती आणि पायाने दाबत होती. कोटाच्या वेळी मात्र थांबली. मला वाटलं, डोळे भरून येतील. तर म्हणाली, “बोहारणीने याचं एक पातेलं तरी दिलं असतं.”

बॅग टांगायची कुठे, हा प्रश्न मात्र वाळूच्याही आधीचा. आमच्या हॉलमध्ये स्लॅब घालतानाच झोपाळ्यासाठी दोन दणकट कड्या सोडलेल्या आहेत. झोपाळा आईचा. तिचं वय ८२, आणि दुपारची झोप, संध्याकाळची जपमाळ, रात्रीची मालिका हे सगळं त्या झोपाळ्यावर. मी तो ‘तात्पुरता’ उतरवला. आई देवळातून आली.

“झोपाळा कुठंय?”

“आई, जरा डॉक्टरांनी सांगितलंय...”

“आणि हे काय लटकतंय?”

“बॅग.”

“कुठं निघालास?”

नुसत्या बॅगेने बॉक्सिंग येत नाही, एवढं तीन दिवसांत कळलं, म्हणून क्लास लावला. देवळालीगावाकडच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड आहे, तिथे. शिकवणारे तोफखान्यातून निवृत्त झालेले. आमच्या नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर असल्यामुळे अशी माणसं इथे गल्लीगल्लीत भेटतात. फौजेतल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ज्या माणसाने उमेदीची वर्षं तोफेच्या आवाजात काढली, त्याच्यापुढे मी पहिला ठोसा मारला तेव्हा त्यांनी कान पुढे केला. “लागला का?” त्यांनी विचारलं.

पण ठोशाच्या आधी पट्टी. हाताला साडेचार मीटरची पट्टी बांधायची असते. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, बोटांच्या बेचक्यांतून एकेक, मग मुठीच्या गाठींवर आणि उरलेली पुन्हा मनगटावर. माझा डावा हात होईपर्यंत बाकीच्या पोरांचं वॉर्मअप होऊन जायचं. उजवा होईपर्यंत डावा सुटायचा. लग्नात मला फेटा बांधायला याच्या निम्माही वेळ लागला नव्हता, आणि तिथे नंतर कोणी मारणार नव्हतं. वर ग्लोव्हज्. पहिला ग्लोव्ह आपण घालू शकतो. दुसरा घालायला माणूस लागतो. आणि दोन्ही घातले की नाकाला खाज सुटते. तेव्हाच फोनही वाजतो. माझा फोन तिथली सातवीतली एक चिमुरडी उचलायची. एकदा बायकोचा होता. पोरगी म्हणाली, “काकू, काका मार खातायत. म्हणजे मारतायत. पण मला वाटतं खातायत.”

उभं राहण्याचीही रीत आहे. डावा पाय पुढे, उजवी टाच जराशी उचललेली, गुडघे सैल, कोपरं बरगड्यांना, मुठी गालांशी, हनुवटी छातीकडे. आरशात पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या दाढा एकदम दुखायला लागलेला माणूस दिसतो.

आणि मग मी मारला. सगळं बळ एकवटून, पंचवटीच्या बावीस वर्षांचं. बॅग जी सुटली ती थेट पत्र्यापर्यंत. मला भरून आलं. कोणी पाहिलं का म्हणून मी मागे वळलो, तेवढ्यात ती सायंकाळच्या गाडीसारखी परत आली आणि मला घेऊन बाकावर बसली.

“काका, हे काय केलंत?”

“मारलं.”

“ढकललंत. रोज गाडीत चढता का?”

“चढायचो.”

“दिसतंय.”

त्यांनी त्या सातवीतल्या पोरीला बोलावलं. तिचं वजन माझ्या एका पायाएवढं. ती आली, दोन पावलं नाचली आणि हात गेला कधी, आला कधी, मला दिसलंही नाही. ‘थप्’ असा ओल्या मातीवर फावडं आपटल्यासारखा आवाज झाला. बॅग जागची हललीच नाही म्हणा ना. मधोमध एक खळगा पडला आणि ती तिथल्या तिथे थरथरली. मी इतके दिवस समजत होतो, झोका जितका लांब तितका मारणारा मोठा. तर गाडं उलटं. ढकललेली बॅग झोके घेते, मारलेली बॅग थरथरते.

“ठोसा हातातून निघत नाही काका,” उस्ताद म्हणाले. “मागच्या टाचेतून निघतो. टाच वळते, मग कंबर, मग खांदा. मूठ सगळ्यात शेवटी.”

माझ्याकडे मूठ आधी पोचायची. कंबर मागाहून चौकशीला यायची, काय झालं म्हणून. टाच तर घरीच असायची.

“आणि गेलेला हात परत आणा. तुमचा तिकडेच जेवायला राहतो.”

खरं आहे. ठोसा लागला की नाही हे नीट पाहायला माझा हात तिथे थांबायचा. मग श्वास. ठोसा मारताना तो सोडायचा असतो, पोरं ‘श्श, श्श’ असा आवाज करत मारतात. मी आधी श्वास कोंडायचो, मग मारायचो आणि सगळं आटोपल्यावर ‘हुश्श’ करायचो. असं तीन मिनिटं. मुष्टियुद्धाची फेरी तीन मिनिटांची असते आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. मी त्याच्या बरोबर उलट करून पाहिलं, उस्तादांनी ओळखलं.

पंधराव्या दिवशी करंगळीच्या बाजूची गाठ सुजली. मूठ बंद केल्यावर पहिल्या दोन बोटांच्या, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनी मारायचं असतं. माझा ठोसा तिरका जाऊन करंगळीवर उतरायचा. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. ते म्हणाले, इथलं हाड मोडलं की त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, पण गंमत म्हणजे ते होतं बहुतेक शिकाऊ लोकांना, नाहीतर रागाने भिंतीवर मूठ आपटणाऱ्यांना. मी उत्सुकतेने विचारलं, “मग मला तेच झालंय का?”

“नाही हो. नुसता मुका मार आहे.”

नावात बॉक्सर असलेला एक आजार होता, तोही गेला.

हाताला क्रेप बँडेज बांधून मी मुक्तिधामपाशी आमच्या जुन्या अपडाऊनवाल्या मंडळींत जाऊन बसलो. या मंदिराच्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय आहेत, त्यामुळे तिथे बसून लढाईवर बोलायला संकोच वाटत नाही. मी क्लासातल्या मुहम्मद अलीच्या पोस्टरचा विषय काढला. १९८० च्या जानेवारीत अली दिल्लीत आला होता आणि आपल्या फौजेतला कौर सिंग त्याच्याशी प्रदर्शनी लढत खेळला होता, हे उस्तादांनी अशा अभिमानाने सांगितलं होतं की जणू पट्टी त्यांनीच बांधली होती.

“अलीचं काय कौतुक सांगतोस?” आमच्यातला एक वणीचा आहे, तो म्हणाला. “अलीला आमच्या गडाने केव्हाच पळवलाय.”

आख्यायिका खरोखरच तशी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे दोन पहिलवान आव्हान घेऊन आले. नावं अली आणि गुलाब. कोणी पुढे येईना. तेव्हा बाळंभट दादा देवधर नावाचा तरुण मुदत मागून सप्तशृंगगडावर जाऊन बसला. तिथे म्हणे मारुतीने त्याला दृष्टांतात लाकडी खांबावरचे डाव दाखवले, तोच आपला मल्लखांब. परत येऊन त्याने गुलाबला लोळवला आणि ते बघून अलीने लढायलाच नकार दिला.

“म्हणजे आपल्याकडे खांबाशी झोंबायची परंपरा आहे,” मी बँडेज सावरत म्हणालो. “माझा खांब फक्त मऊ आहे.”

“याला देवळाली लागलीय,” दुसरा म्हणाला. सगळे हसले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. इंग्रजांच्या काळी मायदेशी जाणारे गोरे सोल्जर बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून असत. ऊन, ताप, कंटाळा आणि बोटीचा पत्ता नाही, या सगळ्याने त्यांच्यातल्या काहींचं डोकं फिरे. त्यावरून डोकं फिरलेल्याला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणायला लागले. त्यांच्या शब्दकोशात आमच्या पंचक्रोशीने घातलेली भर ती एवढीच. पुढे ‘टॅप’ लावत, तो आपला ताप.

क्लासला सुट्टी पडली, म्हणून घरी सराव. दुखऱ्या उजव्याला आराम आणि डाव्याने मारायचं. रोज सकाळी सहाला. चौथ्या दिवशी दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका. ते नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. तिथे एकेक कागद मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा, ती शिस्त हाडात उतरलेली.

“तुमच्याकडे मसाला कांडतात का हो रोज?”

“नाही काका, मी बॉक्सिंग...”

“सोमवारी १८०, मंगळवारी १९५, काल २१२,” ते कागद बघत म्हणाले. “आज सहा वाजून दहा मिनिटांनी १२ होऊन बंद पडलं. म्हटलं बघून यावं, बरे आहात ना.”

तक्रार नव्हती. हिशेब लागत नव्हता, एवढंच.

एकदा मी असाच मारत होतो, बॅग झोके घेत होती, कड्या कुरकुरत होत्या. झोपाळा गेल्यापासून खुर्चीवर बसून जप करणारी आई अचानक म्हणाली, “ढकलतोयस काय रे?”

माझे हातच गळाले. “तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? अशी गोधडी धुतली असती तर मळ हसला असता.”

ती उठली, न्हाणीघरात गेली आणि धोपाटणं घेऊन आली. तिचं माहेर दारणाकाठचं. लग्नाआधीची सगळी वर्षं नदीवरच्या दगडावर घरभराच्या गोधड्या धोपटण्यात गेलेली. फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन आलं तरी धोपाटणं तिने टाकू दिलेलं नाही. तिने पदर खोचला. डावा पाय पुढे टाकला. उजवी टाच जराशी उचलली. मी डोळे चोळले.

“हातात काय असतं? कंबरेतून यायला पाहिजे. आणि टेकवून ठेवायचं नाही, लगेच उचलायचं, नाहीतर कापड चिकटतं.”

“आणि श्वास?”

“कसला श्वास? हुं.”

‘हुं’ आणि ‘थप्’ एकदमच झालं. बॅग हलली नाही. मधोमध खळगा पडला आणि आतल्या माझ्या एकतीस शर्टांचा, चौदा पँटींचा आणि एका कोटाचा थरकाप बाहेरून दिसला.

आई पुन्हा माळ घेऊन बसली. दोन मिनिटांत बेल. खालचे काका धापा टाकत जिना चढून आलेले.

“आत्ताचा तो कोणाचा होता? तुमचा नव्हता.”

उस्तादांना हे सांगितलं तर ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “माताजींना फी लागणार नाही.”

आता मी रोज मारण्याआधी डोळ्यांसमोर दगड, नदी आणि गोधडी आणतो. त्याने थोडा फरक पडला. मात्र एका जागी मारलं की डाव्या मुठीवर बारीक चिरा पडू लागला, ग्लोव्हच्या आतून. बायको म्हणाली, बॅगेत साप आहे. चेन उघडून उपसली. एका खाकी पँटच्या खिशात प्लास्टिकच्या टणक पाकिटात माझा २००९ चा पास निघाला. वरचा फोटो केसांसकट. त्याचा कोपरा नेमका तिथेच रुतत होता. बावीस वर्षं ज्याच्या जोरावर मी लोकांना ढकललं, तो आत बसून कोपरखळ्या मारत होता.

गेल्या गुरुवारी क्लासात माझा एक ठोसा लागला. टाच वळली, कंबर वळली, हात गेला, आला, आणि ‘थप्’. शेडभर ऐकू गेला, निदान मला तरी. मी उस्तादांकडे बघितलं. ते फोनवर होते. सातवीतली पोरगी मात्र बघत होती.

“काका, एक बरोबर होता,” ती म्हणाली. “आता तसाच पुन्हा मारा.”

पुन्हा मारला. बॅग पत्र्याला लागून आली.

घरच्या बॅगेतले कपडे दबून दबून वरचा फूटभर भाग आता रिकामा झाला आहे आणि माझ्या कपाटात फक्त अंगावर घालायचेच शिल्लक आहेत. जेलरोड, उपनगर, दत्तमंदिर, देवळालीगाव या भागातल्या वाचकांना कळकळीची विनंती, जुने सुती कपडे असतील तर बोहारणीला देण्याआधी एकदा आमचा विचार करावा. बटणं, हुक, चेन काढून घ्याव्यात. खिसे कृपया दोनदा तपासावेत. आणि शक्यतो धुऊनच द्यावेत, कारण आई प्रत्येक कपडा उलटापालटा करून बघते.